वहिनी छाप औषधी

बाटलीवर वहिनीचं तोंड होतं. दोन्ही हात पुढे करून ती हसत होती. खाली ठळक अक्षरांत ‘वहिनी छाप हात धुण्याचा साबण’ आणि त्याखाली हिरव्या पट्टीत एकच शब्द: ‘औषधी’. तो शब्द दिराच्या डोक्यातून निघालेला. वहिनीने विचारलंही होतं, "औषधी कसला, भाऊजी? साबणच आहे तो." तर दीर हसून म्हणाला होता, "औषध टाकतोच की आपण त्यात! मग औषधी नाही तर काय?" यात खोटं काही नव्हतं, आणि चीड येते ती त्याचीच. खोटं बोलणाऱ्याला निदान पकडता तरी येतं.

नात्याने ती एकट्या त्याची वहिनी, पण बाटली निघाल्यापासून सगळ्या वस्तीची वहिनी झाली. घराच्या मागच्या खोलीत, जिथे आधी मोडक्या खुर्च्या आणि एक चाक नसलेली सायकल पडून असायची, तिथे ती निळ्या पिंपात साबण बनवायची. पाणी, साबणाचा चिकट अर्क, घट्टपणासाठी मीठ, थोडा रंग, थोडा वास. मग लाकडी दांडक्याने सावकाश ढवळायचं. घाई केली की नुसता फेस होतो आणि बाटली भरल्यासारखी वाटून दुसऱ्या दिवशी अर्धी दिसते. हे सगळं ती चुकतमाकत शिकली होती आणि तिला त्याचा अभिमान होता. असायलाच हवा होता.

अडचण एकच. साबण नासायचा. साबण नासतो म्हटल्यावर लोक हसतात, हसोत बापडे. पाणी आलं की त्यात जीव आले. उन्हाळ्यात आठवडाभरात पिंपाला ओल्या फडक्यासारखा वास सुटायचा, वर काळपट तंतू धरायचे आणि सगळं ओतून द्यावं लागायचं. असं तिसरं पिंप ओतून दिलं तेव्हा वहिनी मागच्या पायरीवर बसून रडली. दीर शेजारी उभा होता. म्हणाला, "एवढंच ना? माझ्याकडे औषध आहे."

दीर एका कारखान्यात कूलिंग टॉवरवर कामाला होता. यंत्रं तापतात, त्यांना गार करणारं पाणी त्या टॉवरमधून सारखं फिरत असतं, आणि तेच तेच पाणी फिरलं की त्यात शेवाळ धरतं, बुळबुळ होते, नाना किडे वाढतात. ते मारायला एक रसायन सोडतात. त्याचं नाव आयसोथायाझोलिनोन. एकदा म्हणेपर्यंत दोनदा हात धुऊन व्हावेत असलं नाव, म्हणून तिथे साहेबापासून झाडूवाल्यापर्यंत सगळेच त्याला ‘औषध’ म्हणायचे. औषध सोडलं का? औषध संपत आलंय. कारखान्यातल्या मोठ्या कॅनवर एक चित्र असतं, हातावर थेंब पडतोय आणि हात झिजतोय. दिराने घरी आणला तो लहान पांढरा डबा. त्यावर चित्र नव्हतं. मार्करने लिहिलं होतं, ‘औषध’.

त्याने पिंपात एक झाकणभर औषध टाकलं. पिंप नासलं नाही. पुढच्या खेपेला जरा वास आल्यासारखा वाटला म्हणून दोन झाकणं. मग दोनाचीच सवय झाली, आणि ऊन वाढलं तसं "हे एक वरून, खात्रीला." भाजीत मीठ टाकावं तसं त्याचं माप, सगळा अंदाज. टाकताना मात्र तो कोपरापर्यंत नारिंगी रबरी मोजे चढवायचा. वहिनी त्याला चिडवायची, "काय हो भाऊजी, नव्या नवरीसारखे हात जपता!" तोही हसायचा.

साबण टिकायला लागला आणि वहिनीचं नाव व्हायला लागलं. मग इस्त्रीवाला एकदा म्हणाला, "वहिनी, बोटांना जरा खाज येते हो." वहिनीच्या आईची एक समजूत होती की अंगातली घाण निघताना आधी त्रास होतो. तीच तिने ठोकून दिली. "घाण बाहेर पडतेय. आधी वाढतं, मग उतरतं. परत धुवा." इस्त्रीवाल्याने परत धुतले. औषधी होता ना साबण! साध्या साबणाने खाज आली असती तर माणसाने तो फेकून दिला असता. औषधीने खाज आली म्हणून त्याने दुसरी बाटली नेली. दिराला हे इतकं आवडलं की पुढच्या बाटल्यांच्या पाठीवर त्याने छापूनच घेतलं: ‘वहिनी सांगतात, आधी वाढतं, मग उतरतं. खाज आल्यास परत धुवा.’

मग घरातच आलं.

वहिनीची एकुलती एक लेक पार्लरमध्ये केस कापायची. पोरीचं सगळं हातांवर होतं. कात्री अशी चालायची की समोर बसलेली बाई आरशात स्वतःकडे बघायचं सोडून हिच्या बोटांकडे बघत राहायची. दिवसभर हात ओले: शॅम्पू, पाणी, टॉवेल, पुन्हा शॅम्पू. घरी आली की आईच्या साबणाने स्वच्छ धुवायची. आधी बोटांच्या बेचक्यांत लाल झालं. मग पाण्याचे बारीक फोड आले.

"आई, फार खाजतंय गं."

"नीट धू. आधी वाढतं, मग उतरतं."

मग सालं निघाली. मग बोटं अशी चिरली की कात्रीच्या कडीत अंगठा घालताना पोरगी ओठ चावायची. "परत धू," आई म्हणाली, आणि एक जास्तीची बाटली तिच्या पर्समध्ये घातली, पार्लरमध्ये वापरायला.

शेवटी लेक आईला घेऊन कातडीच्या डॉक्टरणीकडे गेली. डॉक्टरीण तरुण होती आणि बोलायला तुटक. तिने पोरीच्या पाठीवर पट्ट्या चिकटवल्या. प्रत्येक पट्टीत निरनिराळ्या पदार्थांचे ठिपके होते. कशाने अंगावर उठतं ते बघायचं. दोन दिवसांनी पट्ट्या काढल्या तेव्हा बाकी पाठ स्वच्छ होती आणि एक चौकोन भाजल्यासारखा लालभडक.

"हे पाणी नासू नये म्हणून घालतात," डॉक्टरीण म्हणाली. "कारखान्यातल्या फिरत्या पाण्यात, भिंतीच्या रंगात. शॅम्पूतही असतं, पण नावापुरतं. हिला एवढं कुठून मिळालं?"

वहिनीच्या डोळ्यांपुढे तो पांढरा डबा आला.

"मग यावर औषध काय?" लेकीने विचारलं.

"मलम देते. चट्टे जातील. पण अंग एकदा याच्यावर रुसलं की कायमचं रुसलं. पुढे थेंबभर लागलं तरी पुन्हा उठणार. केस धुण्याचं काम सोडावं लागेल."

"मोजे घालून?"

"बघा घालून. पण दिवसभर ओल्या मोज्यात हात आणखी बिघडतो. मी खोटी आशा लावत नाही."

लेक आपल्या बोटांकडे बघत राहिली. वहिनीनेच विचारलं, "आणि तेच वापरून ज्यांना अजून काही झालं नाही, त्यांचं?"

"प्रत्येक वेळी हात धुतला की एक धोका. जितक्या लवकर थांबतील तितके वाचतील. का? आणखी कोण वापरतंय?"

बाहेर आल्यावर लेक जिन्यातच थांबली. आईकडे न बघता म्हणाली, "मी तुला तीनदा सांगितलं खाजतंय म्हणून. तू मला परत धुवायला लावलंस." आवाज चढला नाही, भांडण झालं नाही. भांडली असती तर वहिनीला बरं वाटलं असतं.

लेकीला घरी पाठवून वहिनी तशीच दिराकडे गेली. तोपर्यंत तिच्या मनात राग नव्हता, भीती होती. भाऊजींना तरी काय माहीत, असंच ती वाटभर स्वतःला सांगत होती. डबा कारखान्यातून आला, तिथे सगळे औषध म्हणतात, हेही म्हणाले. आपण दोघंही फसलो. दीर कामावर होता. धाकट्या जावेने दार उघडलं, पाणी आणते म्हणून आत वळली. वहिनी तोंडावर पाणी मारायला बेसिनपाशी गेली.

बेसिनवर साबणाची गुलाबी वडी होती. साधी, दुकानातली, झिजून चपटी झालेली. वहिनीने न्हाणीघरात डोकावलं, तिथेही वडी. स्वयंपाकघरात, मोरीच्या कडेला, तिसरी.

"अगं, आपली बाटली कुठे दिसत नाही?"

जाऊ चाचरली. "ताई, हे म्हणाले, आपल्या घरात वडीच बरी. पोरं लहान आहेत. त्यांना ते औषधाचं नको."

"कधीपासून म्हणतात?"

"पहिल्यापासूनच की." मग तिला वाटलं आपण काहीतरी चुकीचं बोललो. "मला वाटलं तुम्हाला माहीत असेल."

वहिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाणी न पिता ती निघाली आणि चालत घरी आली. वाटेत तिला ते नारिंगी मोजे आठवत होते, आणि त्यावर आपण केलेली थट्टा, आणि तो हसला होता ते. स्वतःचे हात कोपरापर्यंत झाकले, पोरांचे हात वडीने धुतले, आणि पुतणीचे हात? ती तर त्याच्या अंगाखांद्यावर वाढलेली. तिला त्याने केसांची पहिली कात्री स्वतः आणून दिली होती. त्या पोरीच्या हातांवर हा माणूस महिनोन्‌महिने झाकणं ओतत होता आणि वर विचारत होता, काय गं, हातांना मलम लावतेस ना?

संध्याकाळी दीर नेहमीसारखा आला. मागच्या खोलीत नवं पिंप तयार होतं. त्याने खुंटीवरचे मोजे काढले आणि एका हातात चढवला. वहिनीने दुसरा काढून घेतला.

"आज मोज्याशिवाय टाका."

"म्हणजे?"

"औषधच आहे ना? मग मोजे कशाला? बुडवा हात."

दिराचा चेहरा उतरला. पण तो मुरलेला माणूस, लगेच सावरला. "वहिनी, कोणी काय भरवलं तुम्हाला? हे सगळीकडे असतं. शॅम्पूत असतं, भिंतीच्या रंगात असतं."

"तुमच्या बेसिनवर नसतं. मी आत्ताच बघून आले."

दारात वहिनीचा नवरा येऊन उभा राहिला. तो शांत स्वभावाचा, म्हणजे भांडणात नेहमी दोघांच्या मध्ये उभा राहून कोणाच्याच बाजूचा नसलेला. मागून लेकही आली.

"साबण नासत होता तेव्हा पायरीवर बसून रडत कोण होतं?" दीर आता उलटला. "मी का? तुमच्यासाठी केलं मी. टिकाऊ पाहिजे होता ना? टिकला. कारखान्यात मोजे घालायला लावतात, ती सवय. मला काय स्वप्न पडलं होतं, कोणाला काय होईल ते?"

"स्वप्न नाही पडलं, तरी घरात वडी आणलीत! माहीत नव्हतं तर वडी का? आणि माहीत होतं तर माझी पोर का? हात झटकू नका भाऊजी, आधी सांगा. दोनातलं एक काहीतरी सांगा."

त्याने चढवलेला मोजा काढला. म्हणाला, "कमी करू. एकच झाकण टाकू यापुढे. आहे त्यात पाणी घालून पातळ करू. आता बोभाटा केला तर नाव जाईल. शाळेत देऊन महिना झाला, ते परत मागितलं तर लोक काय म्हणतील?"

"कोणत्या शाळेत?"

हे त्याला सांगायचं नव्हतं, पण तोंडातून गेलं ते गेलं. चढावरची प्राथमिक शाळा. तिथल्या मोठ्या बाईंना त्याने स्वतः भेटून बाटल्या दिल्या होत्या. वहिनीला आनंदाची बातमी म्हणून नंतर सांगणार होता म्हणे.

"अगं, जरा दमाने घे," नवरा म्हणाला. "झालं ते झालं. घरातली गोष्ट घरात राहू दे. झाकली मूठ सव्वा लाखाची."

वहिनी त्याच्याकडे बघतच राहिली. मग तिने लेकीचा हात धरला, हळूच, मनगटापाशी, जिथे कातडी धड होती, आणि नवऱ्याच्या तोंडासमोर नेला. "मूठ? मिटवून दाखवा तिची मूठ! मिटतच नाहीत बोटं. कसली झाकता?"

नवऱ्याने मान खाली घातली. दीर पुटपुटला, "हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण." एवढं ऐकल्यावर वहिनीने पिंपाचं झाकण दाबून बसवलं, दोघा भावांना खोलीबाहेर काढलं, दाराला कुलूप घातलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली. त्या घरात इतक्या वर्षांत तिने पहिल्यांदाच दोघांना एकदम बाहेर काढलं होतं, आणि दोघंही निमूट निघाले. हे आधीच करायला हवं होतं, असं तिच्या मनात आलं.

सकाळी ती शाळेत गेली. लेक बरोबर येते म्हणाली. वहिनीने नको म्हटलं, तरीही लेक आली.

मधली सुट्टी होणार होती. व्हरांड्यात बुटक्या नळांची रांग होती, प्रत्येक नळाशेजारी एक बाटली, आणि प्रत्येक बाटलीवर वहिनी हसत होती. पोरं ओळीने उभी होती. मोठ्या बाईंनी तिला ओळखलं आणि त्या कौतुकाने पुढे आल्या. "अगबाई, वहिनी! प्रत्यक्ष! बघा, आमच्याकडे किती काटेकोर आहे. काही मुलांना खाज सुटली होती, पण आम्ही घाबरलो नाही. बाटलीवर लिहिलंयच ना तुम्ही. खाज आली की परत धुवायला लावतो. पाच-पाच वेळा धुतात बिचारी."

वहिनी सगळ्यांच्या मधून पलीकडच्या टोकाला गेली आणि तिने पहिली बाटली उचलली. मग दुसरी. "बाई, हे थांबवा. आत्ता. यात कारखान्याच्या पाण्यातलं विष आहे. माझ्या दिराने टाकलं, माझ्या घरात टाकलं, आणि वर मीच लोकांना परत धुवा म्हणाले. ही माझी मुलगी. तिचे हात बघा."

लेकीने हात पुढे केले. बाटलीवरच्या फोटोतही वहिनीचे हात असेच पुढे होते. मोठ्या बाईंनी एकदा पाहिलं आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. मग त्या वळून इतक्या जोरात ओरडल्या की पोरांनी नळ आपणहून बंद केले. कोणीतरी पोती आणली. लेक कोपरांनी पोत्याचं तोंड उघडं धरून राहिली आणि वहिनी एकेक बाटली आत टाकत गेली. मोठ्या बाई मुलांना सातआठ जणांच्या घोळक्याने साध्या पाण्याखाली हात धरायला लावत होत्या आणि मधूनमधून वहिनीकडे अशा नजरेने बघत होत्या की ती नजर वहिनीने पोत्याच्या ओझ्यासारखी अंगावर घेतली.

शेवटच्या नळापाशी एक मुलगी बाटली सोडत नव्हती. नुकतं वाचायला शिकलेली असावी. बाटलीच्या पाठीवरून बोट फिरवत होती. "आ-धी वा-ढ-तं," तिने वाचलं. "म-ग उ-त-र-तं." मग वर बघून तिने फोटो आणि वहिनी ताडून पाहिली. "तुम्हीच ना त्या? माझं अजून वाढतंच आहे. उतरणार कधी?"

बोटांच्या बेचक्यांत लाल. बारीक पाण्याचे फोड. वहिनीला ते चांगलं ओळखता येत होतं.

तेवढ्यात पर्समधला फोन वाजला. दीर होता. "वहिनी, शाळेत एक शब्द बोलू नका. मी निघालोय. बाईंना मी समजावतो, त्या माझ्या ओळखीच्या आहेत. ऐकताय ना? तुम्ही फक्त गप्प बसा."

वहिनी गुडघ्यावर बसली. "उतरत नाही, बाळा," ती म्हणाली. "मी खोटं सांगितलं होतं. आणि हे बघ, यात औषध टाकणारे काका फोनवर आहेत. त्यांना विचार." तिने फोन मुलीच्या कानाला लावला.

मुलीने फोन दोन्ही लाल हातांनी धरला. "काका," ती म्हणाली, "हे उतरणार कधी?"

पलीकडे स्कूटरचा आवाज येत होता. मग तोही बंद झाला. मुलगी बराच वेळ फोन कानाशी धरून उभी राहिली.

"काका काही बोलतच नाहीत," ती म्हणाली.

"परत विचार," वहिनी म्हणाली. "मोठ्याने."